नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

सरकारी नोकराच्या आयुष्यात जन्मतारखेइतकी वजनदार नोंद क्वचितच दुसरी असेल. शाळेत नाव घालतेवेळी गुरुजींनी अंदाजाने १ जून लिहिली, की ती तारीख जन्मभर पाठ सोडीत नाही. केंद्र सरकारच्या सेवानियमाप्रमाणे ज्या महिन्यात कर्मचाऱ्याला साठ वर्षे पुरी होतात, त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी तो निवृत्त होतो; परंतु ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्याच तारखेचा, त्याला आधीच्या महिन्याच्या अखेरीस निरोप घ्यावा लागतो. म्हणजे २ जूनला जन्मलेला मनुष्य ३० जूनपर्यंत कामावर राहतो आणि १ जूनला जन्मलेला ३१ मे रोजी घरी जातो. एका दिवसाच्या अंतराने एका महिन्याच्या पगाराचा फरक पडतो.

आता अशी कल्पना करावी की, एखाद्या कर्मचाऱ्याची २ जून ही जन्मतारीख कचेरीतील संगणकात अगदी बिनचूक भरली गेली. पुढे ती नोंद दुसऱ्या यंत्राकडे गेली आणि त्याने ती १ जून अशी छापली. मध्ये कोणी खाडाखोड केलेली नाही, यंत्रात बिघाड नाही, हिशेबातही चूक नाही. उदाहरण कल्पित असले तरी त्यामागील घडामोड खरी आहे आणि संगणकाच्या व्यवसायातील मंडळींना ती चांगली परिचयाची आहे. तिच्या मुळाशी शोध घेत गेले असता शेवटी हाती लागते ते एक नाव. कोणा एका कारागिराने आपल्या कृतीला घाईने ठेवलेले, वरवर निरुपद्रवी दिसणारे, चार रोमन अक्षरांचे नाव.

संगणकासाठी आज्ञावली लिहिणारा मनुष्य प्रत्येक वस्तू स्वतः घडवीत बसत नाही. सुतार दार स्वतः करतो, पण बिजागरी आणि कडीकोयंडा बाजारातून आणतो. त्याचप्रमाणे प्रोग्रामर हा इतरांनी तयार करून ठेवलेले सुटे भाग वापरतो. अशा भागांच्या संग्रहाला लायब्ररी म्हणतात. त्या संग्रहातील पुष्कळसे भाग 'क्लास' या स्वरूपात असतात. ही कल्पना प्रथम प्रचारात आणली ती नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी, सिम्युला ६७ या भाषेत. मराठीत क्लासला वर्ग म्हणण्याचा प्रघात आहे. एका जातीच्या वस्तूंजवळ कोणती माहिती असेल आणि त्या वस्तू कोणकोणती कामे करू शकतील, हे वर्गात एकदाच ठरवून दिलेले असते.

ज्याने वर्ग लिहिला त्याला त्याच्या पोटात काय आहे हे ठाऊक असते. परंतु जो तो वापरतो तो बहुधा पोट उघडून पाहत नाही. पाहावे लागू नये म्हणूनच तर लायब्ररीचा खटाटोप. त्याच्या डोळ्यांसमोर शेकडो नावांची यादी असते आणि त्यांतून एक उचलून तो पुढे जातो. औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी आणि वर्गाचे नाव यांत या दृष्टीने फारसे अंतर नाही. चिठ्ठी चुकली तर आतील औषध कितीही उत्तम असो, रोग्याच्या पोटात भलतेच जाते.

जावा या भाषेची पहिली आवृत्ती १९९६ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्या लायब्ररीत 'डेट' नावाचा एक वर्ग होता. डेट म्हणजे तारीख, असेच कोणीही समजेल. पण या वर्गाच्या पोटात तारीख नव्हतीच. त्यात होता एक आकडा: १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद उलटले, याची मोजणी. म्हणजे काळाच्या अखंड प्रवाहातील एक बिंदू, एक क्षण. क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असतो. तारीख मात्र ज्या गावी उभे राहून विचारावी त्या गावावर अवलंबून असते.

जन्मतारीख एक दिवस मागे सरकते ती येथे. २ जून ही तारीख डेट या वर्गात ठेवावयाची झाली, तर वेळ सांगितली नसल्यामुळे मध्यरात्रीचे बारा धरले जातात. आणि ते कोठले, तर ज्या यंत्रावर नोंद झाली तेथले. भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. तेव्हा २ जूनची आपल्याकडील मध्यरात्र हा जो क्षण, त्या वेळी ग्रिनिचला १ जूनच्या संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. ज्याचे घड्याळ ग्रिनिचला लावलेले आहे अशा यंत्राने तोच क्षण वाचून त्याला तारखेचा पोशाख चढविला, की १ जून छापून येते. दोन्ही यंत्रे खरे बोलतात. खोटे बोलते ते नाव, कारण क्षणाला त्याने तारीख म्हटले आहे.

गंमत अशी की, हा घोटाळा इंग्रजी शब्दाच्या सैलपणातून जितका सहज निपजला तितका मराठीतून निपजला नसता. लग्नाची तारीख आणि लग्नाचा मुहूर्त यांत घोटाळा करणारा यजमान आपल्याकडे सापडणे कठीण. तारीख वेगळी, तिथी वेगळी, वार वेगळा, घटका वेगळी. पहाटे दोन वाजता जन्मलेल्या मुलाची इंग्रजी तारीख बदललेली असते, परंतु सूर्योदयापासून दिवस मोजणाऱ्या पंचांगाच्या हिशेबी वार आदल्याच दिवसाचा धरतात, हे घरातील वडील माणसांना पाठ असते. काल मोजण्याच्या भिन्न पद्धतींना भिन्न शब्द ठेवण्याची ही सवय ज्योतिष्याला उपयोगी पडली. प्रोग्रामरलाही ती पडली असती.

मुख्य नावच ढिले असल्यावर त्याच्या परिवारातील नावे तरी घट्ट कशी असणार? डेट या वर्गाला वर्ष विचारले तर तो १९०० वजा करून उत्तर देई, म्हणून १९९६ चे ९६ होत. महिन्यांची गणना शून्यापासून, म्हणजे जानेवारी शून्य आणि डिसेंबर अकरा. दिवसांची मात्र एकपासून. 'गेट-डे' असे म्हटले असता दिवस न मिळता वार मिळे, आणि दिवसाचा आकडा हवा असेल तर 'गेट-डेट' म्हणावे लागे. ज्या वर्गाचेच नाव डेट, त्याच्याकडे पुन्हा डेट मागावयाची!

चूक लवकरच ध्यानात आली. १९९७ साली निघालेल्या पुढील आवृत्तीत या वर्गाच्या बऱ्याचशा क्रिया वापरू नयेत असे जाहीर करण्यात आले आणि मदतीला 'कॅलेंडर' नावाचा नवा वर्ग देण्यात आला. पण कॅलेंडर म्हटले की डोळ्यांपुढे येते ते भिंतीवरचे. बारा महिने, सणवार, एकादश्या, दूधवाल्याचे हिशेब. या वर्गातील वस्तू म्हणजे तसे कॅलेंडर नव्हे. तीही एक क्षणच, फक्त स्थानिक वेळेची आणि कालगणनेच्या पद्धतीची जोड दिलेला. भिंतीवरच्या कॅलेंडरातील एका चौकटीला अख्ख्या कॅलेंडरचे नाव द्यावे तसा तो प्रकार झाला. महिने याही वर्गात शून्यापासूनच राहिले. आठवड्यातील रविवार मात्र एकपासून.

या कॅलेंडर वर्गात एक तेरावा महिनाही आहे, आणि त्याचे नाव आहे 'अनडेसिंबर'. चांद्र कालगणनेत अधिक महिना येतो त्याची सोय म्हणून तो ठेवलेला. लॅटिनमध्ये 'डेसेम' म्हणजे दहा आणि 'अनडेसिम' म्हणजे अकरा. तेव्हा अकरा असा अर्थ सांगणारे नाव तेराव्या महिन्याला पडले. पण त्यात त्या नामकर्त्याचा काय दोष? दहा असा अर्थ सांगणारा डिसेंबर बारावा होऊन बसला आहे तो रोमन लोकांच्या काळापासून. पूर्वी त्यांचे वर्ष मार्चपासून सुरू होई. पुढे ते जानेवारीपासून सुरू होऊ लागले, पण सातवा, आठवा, नववा आणि दहावा असे म्हणणारी चार नावे जेथल्या तेथे राहिली. एकदा रूढ झालेले नाव परत घेणे किती अवघड असते याचा हा दोन हजार वर्षांहून जुना पुरावा आहे.

संगणकाच्या लायब्ररीत ही अडचण अधिकच तीव्र होते. घरातील मुलाचे नाव बदलले तर शेजारीपाजारी काही दिवस चुकतील आणि मग सवय होईल. वर्गाचे नाव बदलले तर ज्या हजारो आज्ञावल्यांनी ते नाव घेतले आहे त्या तत्काळ बंद पडतात; संगणकाला सवय लागत नाही. म्हणून वाईट नाव तसेच राहते. आणि ते नुसते राहत नाही, ते जागा अडवून राहते. डेट हे सुटसुटीत नाव एका क्षणाला दिले गेल्यामुळे खऱ्या तारखेसाठी ते शिल्लक उरले नाही. त्यातच, जावाच्या लायब्ररीत माहितीच्या कोठारांशी व्यवहार करण्यासाठी जो विभाग आहे, त्यातही दुसरा एक डेट निघाला. नाव तेच आणि वंशही पहिल्याचाच, परंतु हा आपण केवळ तारीख असल्याची बतावणी करणारा. एका घरात दोन गणपतराव असावेत आणि टपालवाल्याने दोघांची पत्रे एकमेकांना द्यावीत, तसे कित्येक प्रोग्रामरांचे झाले.

इतकेच नव्हे, तर १९९५ साली ब्राउझरसाठी जावास्क्रिप्ट ही भाषा घाईघाईने तयार होत असताना तिने जावाचा हाच डेट, शून्यापासून मोजलेल्या महिन्यांसकट, उचलून घेतला. त्यामुळे तो जगातील प्रत्येक ब्राउझरात जाऊन पोहोचला.

नाव अडलेले असले म्हणजे नेहमी नुकसानच होते असे मात्र नाही. सी प्लस प्लस या भाषेच्या २०११ च्या प्रमाणित आवृत्तीत एक विशिष्ट प्रकारचा कोश घ्यावयाचा होता. त्याला स्वाभाविक नाव 'हॅश मॅप'. पण निरनिराळ्या कंपन्यांनी ते आपापल्या परीने आधीच वापरून टाकले होते. म्हणून 'अनऑर्डर्ड मॅप', म्हणजे अनुक्रम न पाळणारा कोश, असे काहीसे ओबडधोबड नाव घेण्यात आले. पहिले नाव आतील यंत्रणा सांगत होते, दुसरे वापरणाऱ्याला काय मिळणार नाही ते सांगते. वापरणाऱ्याला यंत्रणेशी कर्तव्य नसते. नोंदी ज्या क्रमाने ठेवल्या त्या क्रमाने परत मिळतील काय, याच्याशी असते. नाइलाजाने घेतलेले नाव येथे अधिक यथार्थ ठरले.

तारखेच्या प्रश्नाकडे मुळापासून पाहण्याचे काम जावाच्या जगात स्टीफन कोलबोर्न यांनी अंगावर घेतले. त्यांच्या जोडा-टाइम या लायब्ररीत प्रत्येक कल्पनेला स्वतंत्र वर्ग होता. पण त्यातही एक नाव फसले. 'डेट-मिडनाइट', म्हणजे अमुक तारखेची मध्यरात्र, असा एक वर्ग त्यात होता. मध्यरात्र रोज होतेच, त्यात शंका ती कसली? परंतु काही देशांत उन्हाळ्यापुरती घड्याळे तासभर पुढे सरकवितात, आणि ब्राझीलसारख्या देशात २०१९ साली ही पद्धत बंद होईपर्यंत हा बदल नेमका मध्यरात्री होई. त्या दिवशी अकरा वाजून एकोणसाठ मिनिटांनंतर घड्याळ एकदम एकवर जाई. बारा वाजतच नसत. जी वस्तू वर्षातून एका दिवशी अस्तित्वातच नाही, तिच्या असण्याची हमी हे नाव देत होते. पुढे तो वर्ग वापरू नये असा इशारा देऊन त्याऐवजी 'लोकल-डेट' सुचविण्यात आला.

याच अनुभवावर जावाची नवी काल-लायब्ररी उभी राहिली. तिचे काम २००७ साली सुरू झाले आणि ती २०१४ च्या मार्चमध्ये जावाच्या आठव्या आवृत्तीबरोबर आली. तिच्यातील नावे वाचली तरी अर्धे शिक्षण होते. 'इन्स्टंट' म्हणजे क्षण. 'लोकल-डेट' म्हणजे नुसती तारीख, जिला ना घटका, ना गाव. 'झोन्ड-डेट-टाइम' म्हणजे ठिकाणासह तारीख आणि वेळ. 'इयर-मंथ' म्हणजे वर्ष आणि महिना, बँकेच्या कार्डावर मुदत छापतात तेवढाच. 'मंथ-डे' म्हणजे वर्षावाचून महिना आणि दिवस, वाढदिवसाला लागतो तसा. घड्याळाने मोजलेला काल 'ड्युरेशन' आणि वर्षे, महिने, दिवस यांनी मोजलेला काल 'पीरियड'. कारण एक महिना म्हणजे नेमके किती तास, याला उत्तर नाही. २ जून ही जन्मतारीख लोकल-डेटमध्ये ठेवली, तर ती ग्रिनिचला पाठवा अथवा टोकियोला, २ जूनच राहते. तिच्यात सरकण्यासारखे काही उरलेलेच नसते.

तरीही लोकल-डेट हे नाव निर्दोष आहे असे म्हणवत नाही. लोकल म्हणजे स्थानिक. तेव्हा या यंत्राच्या गावची तारीख, असा समज नवशिक्याचा सहज होतो. अभिप्रेत अर्थ अगदी उलट आहे: जिला गाव जोडलेलेच नाही अशी तारीख. साधे डेट हे नाव मोकळे असते तर या विशेषणाची गरजच पडली नसती. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट लायब्ररीत २००२ पासून 'डेट-टाइम' हा एकच वर्ग तारखेचे आणि वेळेचे ओझे वाहत होता. स्वतंत्र तारखेची सोय तेथे २०२१ साली झाली. तेथेही डेट हा शब्द अडलेला होता, कारण व्हिज्युअल बेसिक या त्यांच्याच भाषेत तो जुन्या डेट-टाइमचे दुसरे नाव म्हणून रूढ होता. म्हणून त्यांनी नाव ठेवले 'डेट-ओन्ली', फक्त तारीख. जावास्क्रिप्टच्या मंडळींनी नव्या 'टेम्पोरल' या विभागात 'प्लेन-डेट', साधी तारीख, हे नाव पसंत केले. २०२५ च्या मे महिन्यात फायरफॉक्स या ब्राउझरात ते वापरावयास मिळू लागले.

स्थानिक, फक्त आणि साधी अशी तीन विशेषणे एकाच वस्तूला तीन ठिकाणी लागली. तिघांत डेट-ओन्ली कानाला सर्वांत रुक्ष लागते, परंतु त्याने कोणाची दिशाभूल होणे सर्वांत कठीण. ज्याच्याकडे मजकूर भाषांतरासाठी येतो त्याने गोड शब्दाच्या मोहात पडू नये, असे जुने संपादक सांगत; वर्गांच्या बाबतीतही तोच नियम लावणे इष्ट.

मग चांगले नाव सापडावे कसे? केंट बेक या अमेरिकन प्रोग्रामरने २००७ च्या आपल्या पुस्तकात एक हकिकत दिली आहे. स्मॉलटॉक भाषेत चित्रे काढण्याची एक यंत्रणा ते तयार करीत होते. चित्रातील प्रत्येक वस्तूसाठी जो वर्ग केला त्याला त्यांनी आधी 'ड्रॉइंग-ऑब्जेक्ट' म्हटले. चूक काहीच नव्हती. पण ऑब्जेक्ट तर त्या भाषेत सारेच असते. त्यांचे सहकारी वॉर्ड कनिंगहॅम यांनी छापील पानाची उपमा पुढे केली. पानावर मजकुराबरोबर जे मांडलेले असते त्याला छापखान्यात 'फिगर' म्हणतात. आपल्या पाठ्यपुस्तकांतील 'आकृती क्रमांक तीन' ती हीच. वर्गाचे नाव फिगर झाले. दोन शब्दांचा एक झाला आणि अर्थ मात्र वाढला, कारण तो शब्द ज्या व्यवहारातून आला तो व्यवहारही त्याच्याबरोबर आला.

याच्या उलट दिशेला दोन आडवाटा आहेत. एक म्हणजे 'मॅनेजर', 'हेल्पर', 'युटिलिटी' अशी नावे, ज्यांतून त्या वर्गाला काही तरी काम आहे यापलीकडे काहीच कळत नाही. कचेरीत 'इतर' असे लिहिलेली एक फाईल असते, तिच्यात काय आहे हे ती उघडल्यावाचून कळत नाही आणि उघडल्यावर ती बंद होत नाही. तशी गत या वर्गांची होते. दुसरी वाट अतितपशिलाची. स्प्रिंग या प्रसिद्ध लायब्ररीत 'ॲब्स्ट्रॅक्ट-सिंगलटन-प्रॉक्सी-फॅक्टरी-बीन' नावाचा एक वर्ग आहे. बाणभट्टाच्या समासाचा विग्रह करता येतो आणि केल्यावर काही चित्र तरी दिसते; या पाच पदांचा विग्रह केल्यावर हाती पाच पदेच राहतात. तो प्रोग्रामरांच्या थट्टेचा विषय झाला आहे हे साहजिक आहे. मात्र थट्टा करणाऱ्यांनी हेही पाहावे की, नाव लांबते ते बहुधा वर्ग एकाच वेळी अनेक कामे करू लागल्यामुळे. 'हा वर्ग अमुक आहे' असे एका वाक्यात सांगताना 'आणि' हा शब्द टाळता येईना, म्हणजे दोष नामकरणाचा नसून कृतीचा असतो. अशा वेळी शब्दकोश उघडण्याऐवजी वर्गाचेच दोन भाग करावेत.

जावातील तो जुना डेट अजून लायब्ररीत आहे आणि त्याला काढून टाकण्याचे कोणी मनावर घेतलेले नाही; त्याच्यावर उभ्या असलेल्या आज्ञावल्या अनेक आहेत. २०१४ साली नवी व्यवस्था आली तेव्हा जुन्यातून नव्यात जाण्यासाठी त्याला एक दार करून देण्यात आले. त्या दाराचे नाव 'टू-इन्स्टंट', म्हणजे क्षणात रूपांतर. तारीख म्हणून अठरा वर्षे मिरविलेल्या वर्गाला तारखेत जाण्याचे थेट दार मिळाले नाही, क्षणाचे मिळाले. त्याचा जो दुसरा नामधारी, माहितीच्या कोठारांकडील डेट, त्याच्याकडे हीच क्रिया मागितली तर तो ती साफ नाकारतो आणि आज्ञावली तेथेच थांबते. त्याला मिळालेले दार दुसरे आहे: 'टू-लोकल-डेट'.